वहीतलं उत्तर आधीच छापून आलं होतं

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

जनुकांनुसार औषधोपचार या विषयावर आपल्या आरोग्य पुरवणीत नुकताच आलेला लेख मी दोनदा वाचला. दुसऱ्यांदा वाचताना हातात पेन्सिल होती, ही एकतीस वर्षांच्या मास्तरकीची सवय. लेखाचा आशय असा, की लवकरच लाळेच्या एका नमुन्यावरून रक्तदाब, मधुमेह, हृदयरोग अशा जुनाट आजारांत कोणाला कोणती गोळी द्यायची ते ठरेल. यातल्या ‘लवकरच’ या शब्दाखाली मी एक रेघ मारली आणि ‘कोणती गोळी द्यायची ते ठरेल’ याखाली दुसरी. पहिल्या जागी लेखकाने आहे त्याहून कमी सांगितलंय, दुसऱ्या जागी जास्त. दोन्हींचा त्रास रुग्णालाच होतो, म्हणून हे पत्र. पत्र लांबलं आहे, जागा नसेल तर कापावं. मात्र आकडे कापू नयेत, एवढी विनंती.

मी डॉक्टर नाही, गणिताची निवृत्त शिक्षिका आहे. पण माझ्याकडे एक वही आहे. दोनशे पानी, आडव्या रेघांची. पट्टी घेऊन तिच्यात चार रकाने आखले आहेत: तारीख, आयएनआर, डोस, शेरा. पहिली नोंद २०१२ सालची आहे.

माझ्या यजमानांना लहानपणी रुमॅटिक फीव्हर होऊन गेला होता. त्यात हृदयाची मायट्रल झडप खराब झाली आणि २०१२ मध्ये ती काढून मेकॅनिकल झडप बसवावी लागली. रात्री घर शांत झालं की तिची बारीक टिकटिक मला आजही ऐकू येते. अशा झडपेवर रक्ताची गुठळी धरू नये म्हणून रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर घ्यावी लागते. ती गोळी म्हणजे वॉरफॅरिन. ज्यांना सारखं रक्त तपासावं लागत नाही अशा नव्या गोळ्या आता आल्या आहेत, पण मेकॅनिकल झडपेच्या रुग्णांना त्या चालत नाहीत. डॅबिगट्रान या गोळीची अशा रुग्णांवरची चाचणी २०१२ मध्येच थांबवावी लागली, कारण गुठळ्याही जास्त झाल्या आणि रक्तस्रावही. म्हणजे आमच्यापुढे वॉरफॅरिनशिवाय दुसरी वाट नव्हती.

रक्त किती पातळ झालंय ते आयएनआर या आकड्यावरून कळतं. ही गोळी न घेणाऱ्या निरोगी माणसाचा आकडा १ च्या आसपास असतो. मायट्रल जागी मेकॅनिकल झडप असलेल्याचा अडीच ते साडेतीनमध्ये ठेवायचा असतो. त्याखाली गेला तर झडपेवर गुठळी धरून ती मेंदूकडे जाऊ शकते. फार वर गेला तर रक्त वाहायला लागतं आणि थांबत नाही.

सुरुवात रोज ५ मिलिग्रॅमने झाली. बहुतेकांची त्यानेच होते. पाचव्या दिवशी आकडा ३.१ आला, सगळ्यांना बरं वाटलं आणि आम्हाला घरी सोडलं. आठवड्याने पुन्हा रक्त तपासा, असं सांगितलं होतं. बाराव्या दिवशी पहाटे यजमानांच्या नाकातून रक्त सुरू झालं. नाक दाबून धरलं, डोकं पुढे झुकवलं, बर्फ लावला, दोन टॉवेल भरले. लघवी चहाच्या रंगाची झाली होती. सलाईनची सुई जिथे टोचली होती तिथले हात कोपरापर्यंत निळेजांभळे. दवाखान्यात आकडा आला ७.४. व्हिटॅमिन के दिलं, गोळी बंद केली. मग आकडा पार १.३ वर उतरला आणि गुठळीच्या भीतीने पोटात हेपॅरिनची इंजेक्शनं सुरू झाली. पुन्हा गोळी ३ मिलिग्रॅमने चालू: ४.८. दोनने: ३.९. शेवटी एक दिवस दोन आणि एक दिवस एक असं आळीपाळीने, म्हणजे सरासरी दीड मिलिग्रॅम. तेव्हा वहीत २.९ लिहिला गेला. त्या दिवशीच्या शेऱ्याच्या रकान्यात मी फक्त ‘बरोबर’ असं लिहिलंय. इथवर यायला चार महिने लागले आणि एकोणीस वेळा रक्त काढावं लागलं.

शेजारच्या खाटेवर यजमानांच्याच वयाचे, जवळपास तितक्याच वजनाचे एक गृहस्थ होते. शस्त्रक्रियाही तीच. पुढे तपासणीच्या रांगेत त्यांच्या पत्नी भेटल्या, तेव्हा आम्ही दोघींनी डोस ताडून पाहिले. त्यांना रोज ८ मिलिग्रॅम लागत होतं. मला वाटलं, कुठल्यातरी चिठ्ठीत लिहिताना चूक झाली आहे. एकाच गोळीचा एकाच कामासाठी पाचपट फरक! डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले, ‘प्रत्येकाची प्रकृती वेगळी.’ उत्तर खोटं नव्हतं. पण मुलाने फळ्यावर असं उत्तर लिहिलं असतं, तर रीत कुठे आहे हे मी नक्की विचारलं असतं.

रीत मला सात वर्षांनी कळली. यजमानांच्या हृदयाचे ठोके अनियमित झाले म्हणून एका तरुण डॉक्टरांकडे गेलो. ॲमिओडॅरोन सुरू करायचं होतं. त्यांनी माझी वही पहिल्या पानापासून वाचली. असं करणारे ते पहिलेच. मग म्हणाले, ‘काकू, एवढ्या कमी डोसवर चालणाऱ्या माणसाची जनुकीय चाचणी कधीच कशी केली नाही?’ चाचणी केली. अहवालात दोनच ओळी कामाच्या होत्या.

पहिली ओळ सीवायपी२सी९ या जनुकाबद्दल होती. वॉरफॅरिन मोडून शरीराबाहेर घालवण्याचं काम करणारं यकृतातलं एन्झाइम या जनुकाच्या आराखड्यावर तयार होतं. प्रत्येकाकडे जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली, एक वडिलांकडून. यजमानांची एक प्रत नेहमीची आणि दुसरी ‘स्टार थ्री’ नावाची, जिचं एन्झाइम फार संथ चालतं. दुसरी ओळ व्हीकेओआरसी१ बद्दल. रक्त गोठवण्यासाठी लागणारं व्हिटॅमिन के पुन्हा पुन्हा वापरात आणणारं एन्झाइम या जनुकाचं, आणि वॉरफॅरिन त्यालाच अडवतं. यजमानांच्या दोन्ही प्रती ‘ए’ प्रकारच्या, म्हणजे ते एन्झाइम मुळातच कमी बनतं. अडवायचंच थोडं, आणि अडवणारी गोळी शरीरातून लवकर जात नाही. मग ५ मिलिग्रॅम म्हणजे पूरच की! पाचव्या दिवशीचा ३.१ फसवा का होता तेही तेव्हा उमगलं. संथ एन्झाइमवाल्या माणसात गोळी अनेक दिवस साचत राहते, त्यामुळे आकडा स्थिर व्हायला जास्त वेळ लागतो. तो अजून चढतच होता आणि आम्ही घरी निघालो होतो.

मग डॉक्टरांनी संगणकावर एक तक्ता दाखवला. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने वॉरफॅरिनच्या माहितीपत्रकात तो घातलेला आहे. उभ्या बाजूला एक जनुक, आडव्या बाजूला दुसरं, आणि प्रत्येक चौकटीत डोस. पाढ्यांच्या तक्त्यासारखाच. आमच्या चौकटीत लिहिलं होतं: अर्धा ते दोन मिलिग्रॅम. मी वही उघडून दीडचा आकडा दाखवला. थोडा वेळ आम्ही दोघंही काही बोललो नाही.

संपादक महोदय, तो तक्ता २०१० सालचा आहे. यजमानांची शस्त्रक्रिया २०१२ ची. जे उत्तर शोधायला चार महिने आणि एकोणीस सुया लागल्या, ते दोन वर्षं आधीच छापून तयार होतं. म्हणून लेखातला ‘लवकरच’ मला टोचला. हे ज्ञान यायचं राहिलेलं नाही. ते आलेलं आहे, खाटेपर्यंत पोचायचं राहिलंय. जनुकांनुसार औषधाचा परिणाम कसा बदलतो हे पाहणाऱ्या विद्याशाखेला ‘फार्माकोजेनेटिक्स’ हे नाव फ्रिड्रिश फोगेल या जर्मन शास्त्रज्ञाने १९५९ मध्ये दिलं. रक्तदाबाचंच उदाहरण घ्या. डेब्रिसोक्विन नावाची रक्तदाबाची एक गोळी होती. १९७० च्या दशकात लंडनमध्ये रॉबर्ट स्मिथ नावाच्या संशोधकाने सहकाऱ्यांबरोबर ती स्वतः घेऊन पाहिली. बाकीच्यांना विशेष काही झालं नाही, स्मिथ यांचा रक्तदाब मात्र धोकादायकरीत्या कोसळला. त्यांच्या यकृतात ती गोळी मोडणारं एन्झाइम जवळजवळ कामच करत नव्हतं. आज त्याच्या जनुकाला सीवायपी२डी६ म्हणतात आणि अनेक मनोविकारांची, हृदयाची व वेदनांची औषधं त्याच्याच हातून जातात. तेव्हा ‘लवकरच’ हा शब्द किती वर्षं वापरायचा?

आता न्यायाची बाजूही मांडली पाहिजे. माझ्या घरात जे घडलं ते एकाच माणसाचं उदाहरण आहे, आणि एका उदाहरणाने सिद्धता होत नाही हे मी आयुष्यभर मुलांना बजावलंय. जनुकं पाहून वॉरफॅरिनचा डोस ठरवल्याने फायदा होतो का, या प्रश्नावरचे दोन मोठे अभ्यास २०१३ मध्ये एकाच वेळी प्रसिद्ध झाले आणि त्यांची उत्तरं जुळली नाहीत. युरोपातल्या अभ्यासात जनुकं पाहून डोस दिलेल्या रुग्णांचा आयएनआर योग्य पट्ट्यात राहण्याचा काळ सुमारे ६७ टक्के, तर नेहमीच्या पद्धतीत ६० टक्के होता. अमेरिकेतल्या अभ्यासात दोन्हीकडे ४५ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे फरक शून्य. पण या दोन अभ्यासांत तुलना वेगवेगळ्या गोष्टींशी होती. युरोपात तुलना सरसकट ठरावीक डोसशी होती. अमेरिकेत वय, वजन, इतर औषधं यांचा हिशेब करून काढलेल्या डोसशी होती. आधीच नीट विचार करून डोस दिला तर जनुकांमुळे होणारी भर कमी दिसणारच. पुढे २०१७ मध्ये, गुडघा किंवा खुब्याची शस्त्रक्रिया झालेल्या पासष्ट वर्षांवरच्या लोकांवर जो अभ्यास झाला, त्यात जनुकांनुसार डोस दिलेल्या गटात रक्तस्राव, अति चढलेला आयएनआर, गुठळ्या अशा घटना १०.८ टक्के लोकांत झाल्या आणि दुसऱ्या गटात १४.७ टक्के लोकांत. फायदा आहे, चमत्कार नाही.

अमेरिकेच्या अभ्यासातली एक गोष्ट मात्र मनात रुतून बसली. त्यात आफ्रिकी वंशाच्या रुग्णांचा आयएनआर जनुकांच्या सूत्रामुळे उलट जास्त बिघडला. कारण त्या लोकांमध्ये सीवायपी२सी९ ची जी रूपं आढळतात, ती त्या चाचणीत तपासलीच नव्हती. सूत्र बनवणाऱ्यांनी ज्यांचं रक्त पाहिलं त्यांच्यापुरतं ते खरं होतं. आतड्याच्या जुनाट दाहावर, संधिवाताच्या काही प्रकारांवर दिलं जाणारं ॲझाथायोप्रिन घ्या. पांढऱ्या पेशी धोकादायकरीत्या कमी होतील का, हे आधी कळावं म्हणून टीपीएमटी हे जनुक तपासायची पद्धत होती. पण आशियातल्या अनेक रुग्णांचं टीपीएमटी उत्तम असूनही पेशी ढासळत. का ते २०१४ मध्ये कोरियातल्या संशोधनातून कळलं: त्यांच्यात दोष एनयूडीटी१५ या दुसऱ्याच जनुकात होता. तोपर्यंत ‘तुमचा अहवाल नॉर्मल आहे’ असं ऐकून किती जणांनी निर्धास्तपणे ती गोळी घेतली असेल! म्हणून चाचणी करताना पहिला प्रश्न हा हवा, की हिच्यात कोणकोणती रूपं तपासली आहेत आणि ती माझ्या वंशाच्या लोकांत आढळतात का. आणि वंश विचारून चाचणी टाळणं हाही उपाय नाही. एका वंशातली दोन सख्खी भावंडं या बाबतीत वेगळी निघू शकतात.

मग चाचणी कोणाची करायची? मी बरीच वर्षं यावर विचार केला आणि माझ्यापुरतं एक उत्तर काढलं. वॉरफॅरिनला निदान आयएनआर नावाचा काटा आहे. तो सात वर गेला की कळतं. उशिरा कळतं, टॉवेल भरल्यावर कळतं, पण कळतं. काही औषधांना असा काटाच नाही. तिथे चूक झाल्याची पहिली खूण म्हणजेच संकट असतं. अशा औषधांची जनुकीय चाचणी पहिली गोळी पोटात जाण्याआधी झाली पाहिजे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

क्लोपिडोग्रेल हे त्यातलं ठळक उदाहरण. स्टेंट घातलेल्या असंख्य लोकांना ही गोळी दिली जाते. ती पोटात जाते तेव्हा निष्क्रिय असते. यकृतातलं सीवायपी२सी१९ हे एन्झाइम तिच्यात बदल करतं तेव्हाच ती रक्तातल्या प्लेटलेट पेशींना एकमेकींना चिकटण्यापासून रोखते. ज्यांच्या या जनुकाच्या दोन्ही प्रती निकामी, त्यांच्या शरीरात गोळी जाते पण पुरेशी जागी होत नाही. रोज वेळेवर गोळी घेतली, पाकिटं संपली, सगळं व्यवस्थित. आणि संरक्षण मात्र अपुरं. हे कळतं केव्हा? स्टेंट बंद पडल्यावर! पूर्व आणि दक्षिण आशियाई वंशाच्या लोकांत साधारण निम्म्या किंवा त्याहून जास्त जणांकडे निदान एक तरी कमकुवत प्रत असते. २०१० मध्येच अमेरिकेत या गोळीच्या माहितीपत्रकावर सर्वांत कडक, चौकटीतला इशारा छापला गेला. प्रासुग्रेल, टिकाग्रेलॉर असे पर्याय आहेत. ते सगळ्यांना सरसकट देता येत नाहीत, कारण त्यांनी रक्तस्राव वाढतो. म्हणूनच कोणाला खरी गरज आहे ते आधी पाहायचं. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सुमारे अडीच हजार हृदयरुग्णांच्या अभ्यासात, ज्यांची जनुकं ठीक होती त्यांना जोरदार गोळीवरून क्लोपिडोग्रेलवर आणलं. गुठळ्या वाढल्या नाहीत आणि रक्तस्राव कमी झाला. म्हणजे चाचणीमुळे औषध फक्त वाढवलंच जातं असं नाही, उतरवताही येतं.

माझ्या जाऊबाईंना स्टेंट घातला तेव्हा मी वहीचा अनुभव गाठीशी घेऊन डॉक्टरांना चाचणीबद्दल विचारलं. ते रागावले नाहीत, चाचणी लिहून दिली. जाऊबाईंच्या दोन्ही प्रती नेहमीच्या निघाल्या. गोळी बदलावी लागली नाही. मात्र त्या निमित्ताने त्यांची सगळी औषधं टेबलावर मांडली गेली आणि त्यात आम्लपित्तासाठी वर्षानुवर्षं चाललेलं ओमेप्राझोल निघालं. ते सीवायपी२सी१९ लाच अडवतं आणि क्लोपिडोग्रेलबरोबर टाळावं असं सांगितलेलं आहे. जनुकं चांगली, पण दुसऱ्या गोळीने त्यांचा हात धरून ठेवलेला. डॉक्टरांनी त्याऐवजी पॅन्टोप्राझोल दिलं.

दुसरं उदाहरण कार्बामाझेपिनचं. अपस्माराच्या झटक्यांवर आणि चेहऱ्याच्या नसेच्या असह्य वेदनेवर दिलं जाणारं हे जुनं, उपयोगी औषध. फार थोड्या लोकांत त्याने स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम होतो. अंगावर, तोंडात, डोळ्यांत फोड येतात, भाजल्यासारखी कातडी सुटते, माणूस दगावूही शकतो. तैवानच्या संशोधकांनी २००४ मध्ये दाखवलं, की असं झालेल्या त्यांच्या ४४ च्या ४४ रुग्णांकडे एचएलए-बी*१५:०२ हे जनुकाचं विशिष्ट रूप होतं. मग त्यांनी ४,८७७ लोकांची औषध देण्याआधी चाचणी केली. ज्यांच्याकडे ते रूप आढळलं त्यांना दुसरं औषध दिलं. २०११ मध्ये निकाल आला: एकालाही तो विकार झाला नाही. त्या शून्याकडे मी कितीतरी वेळ पाहत बसले होते. एचआयव्हीच्या उपचारातल्या अबाकाविरबाबतही असंच. एचएलए-बी*५७:०१ आधी तपासलं की या औषधाची जीवघेणी ॲलर्जी टाळता येते, हे २००८ पासून माहीत आहे.

आता पेन्सिलीची दुसरी रेघ. ‘कोणती गोळी द्यायची ते ठरेल.’ सर्वसाधारण रक्तदाबात किंवा प्रौढ वयात होणाऱ्या नेहमीच्या मधुमेहात जनुकं पाहून ‘हीच गोळी’ असं आज ठरवता येत नाही. या आजारांमागे शेकडो जनुकांचा थोडाथोडा वाटा असतो. आपल्या वाचकांपैकी कोणी हा लेख वाचून मेटफॉर्मिन बंद केलं आणि अहवालाची वाट पाहत बसलं, तर ते फार वाईट होईल. असे सगळं सांगण्याचा दावा करणारे अहवाल परस्पर विकलेही जातात. औषधाला मिळणारा प्रतिसाद सांगतो म्हणणाऱ्या, पण पुरावा नसलेल्या चाचण्यांबद्दल अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१८ मध्ये लोकांना सावध केलं होतं. अशा अहवालावरून स्वतःच्या मनाने गोळी सोडू नका, हे ठळक अक्षरांत छापायला हवं होतं.

मधुमेहाचा एक अपवाद मात्र सांगितल्याशिवाय राहवत नाही. जन्मल्यापासून सहा महिन्यांच्या आत मधुमेह झालेली काही बाळं असतात. त्यांना टाइप वन समजून जन्मभर इन्सुलिन दिलं जायचं. त्यातल्या अनेकांचा दोष केसीएनजे११ या एकाच जनुकात असतो, हे २००४ मध्ये समजलं. त्या दोषावर सल्फोनिलयुरिया ही जुनी, साधी गोळी काम करते. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा ४९ पैकी ४४ जणांचं इन्सुलिन सुटलं आणि साखर आधीपेक्षा चांगली राहिली. माझ्या वर्गात एक मुलगी होती, मधल्या सुट्टीत कोपऱ्यात जाऊन स्वतःला सुई टोचायची. तिचा मधुमेह या प्रकारचा होता असं मी म्हणत नाही, बहुधा नसेलच. पण हा आकडा वाचला तेव्हा तिचा चेहरा डोळ्यांसमोर आला. सहा महिन्यांच्या आत मधुमेह झालेल्या कोणाचीही, आता तो कितीही मोठा झाला असला तरी, ही चाचणी राहून गेली असेल तर ती व्हायलाच हवी.

जनुकं बदलत नाहीत, पण माणूस बदलतो. ॲमिओडॅरोन सुरू झाल्यावर काही आठवड्यांत यजमानांचा आयएनआर पुन्हा चढू लागला, कारण ते औषध सीवायपी२सी९ ला आणखी मंद करतं. डॉक्टरांना हे ठाऊक होतं, डोस आधीच कमी केला होता, तरी दोनदा आणखी कमी करावा लागला. जनुकांचा अहवाल तोच, डोस वेगळा. वय वाढतं, यकृत-मूत्रपिंड थकतात, प्रतिजैविकाचा एक कोर्ससुद्धा हिशेब उलटा करतो. म्हणून चाचणी झाली तरी वही बंद झालेली नाही. यजमानांची आता तिसरी वही चालू आहे.

आणि इथेच माझं मुख्य म्हणणं येतं. जुनाट आजाराचा माणूस एक गोळी घेऊन थांबत नाही. आज झडपेची, पाच वर्षांनी ठोक्यांची, मग वेदनेची, मग निराशेची. दर वेळी नवा डॉक्टर, नवी फाइल. चाचणी मात्र एकदाच करायची असते, तिचं उत्तर जन्मभर तेच राहतं. २०२३ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात युरोपातल्या सात देशांचा एक अभ्यास आला. ६,९४४ रुग्ण, बारा जनुकं. ज्यांना जनुकांनुसार औषधं दिली त्यांच्यात औषधांचे त्रासदायक दुष्परिणाम सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाले. कोणाला कोणती पद्धत मिळतेय हे रुग्णांपासून लपवलेलं नव्हतं, त्यामुळे हा आकडा थोडा फुगलेला असू शकतो. पण त्यातल्या दोन गोष्टी मला महत्त्वाच्या वाटल्या. नव्वद टक्क्यांहून अधिक लोकांत या बारांपैकी एखाद्या तरी जनुकाचं असं रूप निघालं, जे कुठल्या ना कुठल्या औषधाच्या वेळी विचारात घ्यावं लागेल. आणि रुग्णांना पाकिटात मावेल असं एक कार्ड दिलं होतं, कोणत्याही डॉक्टरला दाखवता येईल असं.

आमचा अहवाल पहिल्या वर्षी त्या दवाखान्याच्या संगणकातच राहिला. यजमानांना मध्यंतरी दुसरीकडे दाखल करावं लागलं. तिथे तो कोणाला दिसला नाही आणि पुन्हा ‘नेहमीप्रमाणे पाच मिलिग्रॅम’ लिहिलं गेलं. मी वही घेऊन दारात उभी होते म्हणून ते टळलं. ज्याच्या दारात कोणी उभं नाही त्याचं काय? रक्तगट जसा पहिल्या पानावर लिहिला जातो, पेनिसिलिनची ॲलर्जी जशी लाल शाईने लिहिली जाते, तसंच हेही लिहिलं जावं आणि त्याची प्रत रुग्णाच्या हातात असावी. या माहितीचा गैरवापर होईल अशी भीती मला अनेकांनी बोलून दाखवली आणि ती खरी आहे. अमेरिकेत २००८ मध्ये यासाठी कायदा झाला, तोही आरोग्यविम्यापुरता आणि नोकरीपुरता. आयुर्विमा त्यात येत नाही. पण औषधांसाठी लागते ती दहा-बारा जनुकांची माहिती, माणसाचा सगळा जीनोम नव्हे. तेवढीच तपासावी, तेवढीच ठेवावी.

मुलाने विचारलं, ‘आई, बाबांचं हे माझ्याकडेही आलं असेल का?’ वडिलांच्या दोन्ही प्रती ‘ए’, तेव्हा एक ‘ए’ त्याच्याकडे नक्की. स्टार थ्रीची शक्यता निम्मी. त्याला आज कुठलंच औषध नाही, घाई नाही. तरी त्याच्या कागदपत्रांच्या पहिल्या पानावर मी एक चिठ्ठी डकवून ठेवली आहे: ‘वॉरफॅरिन देण्याआधी तपासा.’

आपल्याला विनंती अशी, की लेखाच्या पुढच्या भागात वाचकांसाठी एक छोटी चौकट छापावी. त्यात वॉरफॅरिन, क्लोपिडोग्रेल, कार्बामाझेपिन, ॲझाथायोप्रिन, अबाकाविर ही पाच नावं, प्रत्येकापुढे त्याचं जनुक, आणि खाली एक ओळ: ‘चालू औषध स्वतःहून बंद करू नका, डॉक्टरांना ही चौकट दाखवा.’ माझ्या वहीची पहिली चार महिन्यांची पानं कोणा डॉक्टरांना किंवा विद्यार्थ्यांना उपयोगी पडणार असतील, तर त्यांच्या प्रती काढून आपल्या कार्यालयात पाठवीन.

कळावे,

आपली नम्र,
एक निवृत्त गणित शिक्षिका